मेलेल्यांची कामं आमच्याकडे

सरांनी पत्रा हलवला आणि आम्ही पळालो.

खुर्च्या आडव्या झाल्या. दारात चेंगराचेंगरी. जिन्यात कुणाची चप्पल, कुणाची ओढणी. मंगल जिन्यावरून गडगडत आली ती तोंडावर, समोरचा दात अर्धा गेला. तरी उठून पळाली. क्लासच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही सगळे उभे. भिंतीपासून लांब, विजेच्या खांबापासून लांब, डोक्यावर नुसतं आभाळ. कुठं उभं राहायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. भूकंपाच्या पट्ट्यातून आलेल्या पोरांना ते पाठच होतं.

वर खिडकीत सर. हसून हसून त्यांचा चष्मा खाली आलेला. शेजारी ऋजुता, नाटकातली नायिका, लातूरच्या मोठ्या डॉक्टरांची मुलगी. तोंडावर हात.

"अरे या वर! पत्राय तो! नाटकातला भूकंप!"

आम्ही वर गेलो. मंगलनं ओढणीचा बोळा तोंडात धरला होता, तो लाल होत चालला होता. कुणी तिला विचारलं नाही.

हे एकदा झालं असतं तर मी म्हणाले असते, चुकून झालं. पण दुसऱ्या दिवशी क्लासचे मालक पाहुणे घेऊन आले. चहा आला. सर पाहुण्यांना म्हणाले, "आता गंमत बघा." आणि परत पत्रा हलवला.

आम्ही परत पळालो.

पत्रा आहे हे ठाऊक होतं. पत्रा डोळ्यांसमोर होता. पण पाय आम्हाला विचारून पळत नव्हते. मागून हसण्याचा फवारा आला. एक पाहुणा म्हणाला, "अगदी नॅचरल हो!" त्याच्या बशीतला चहा सतरंजीवर सांडला होता, तेवढा डाग मात्र लगेच पुसला.

आम्ही परत आत आलो तेव्हा सर माझ्याकडे वळले.

"तू कशाला पळतेस गं? पेटीवाल्याची ना तू? तुझ्या घरात तर दिवसभर पत्राच वाजतो." खोलीभर हशा. "धर. आजपासून तूच हलवायचा. भीती मोडेल."

तो पत्रा माझ्या हातात आला आणि माझं नाव गेलं. त्या दिवसापासून मी 'ए पत्रा'. ए पत्रा, इकडं ये. ए पत्रा, पडदा धर. ए पत्रा, पाणी आण.

हे आज का सांगून राहिले? परवा फोन आला म्हणून. लातूरहून. त्याच क्लासमधून. आता त्यांची इमारत एवढी उंच झाली आहे म्हणतात, की वरच्या गच्चीतून हैदराबादचा चारमिनार दिसतो आणि हवा स्वच्छ असली तर त्यावरचं कबुतर नर आहे की मादी तेही कळतं. फोनवर एक गोड आवाजाच्या मॅडम होत्या. नव्या. मला ओळखत नव्हत्या.

"ताई, तुम्ही नांदेडला मुलांची नाटकं बसवता ना? आमच्या मुलांवर फार ताण असतो हो. एखादं आजचं नाटक सुचवा ना. प्रेमाचं, स्वतःला शोधण्याचं, वयात येण्याचं. हलकंफुलकं. फक्त ते भूकंपाचं वगैरे नको. जुनं झालं आता ते."

मी म्हणाले, "बरं."

"आणि साउंडची काळजी नको. आमच्याकडे एक जुना पत्रा आहे, कुठल्या तरी सरांच्या वेळचा. अजून काय वाजतो, ताई!"

मी म्हणाले, सांगते, आणि फोन ठेवला. त्याच हातानं आता लिहून राहिले.

नाटकं सुचवते, मॅडम. पण आधी हा पत्रा कुठून आला ते ऐका.

तो माझ्या अब्बांनी दिला. अब्बा लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या पेट्या बनवायचे. भूकंपाआधी पेट्या लग्नात जायच्या. भूकंपानंतर लातूरचा पत्रा सगळा शेडांवर गेला, माणसं पत्र्याखाली राहायला लागली. मग क्लास आले. एवढे क्लास आले की गल्लीत कुत्रं भुंकलं तर समोरच्या खिडकीतून शंभर पोरं त्याचं सूत्र लिहून घ्यायची. बीडचं पोरगं, परभणीचं, लोह्याचं, देगलूरचं. प्रत्येकाला हॉस्टेलात एक पेटी लागायची. अब्बांना मान वर करायला फुरसत नव्हती.

त्यांची एक रीत होती. पेटी तयार झाली की तिच्यावर चढून उभे राहायचे. गिऱ्हाइकासमोर. दोन्ही पाय जोडून, नमाजाला उभं राहावं तसे. भूकंपाआधी असं करत नव्हते. शहरातले पालक हसायचे. "चाचा, पुस्तकं ठेवायचीत, हत्ती नाही!" अब्बा खाली उतरायचे आणि म्हणायचे, "ये पेटी घर उठाती, साब." पालकांना वाटायचं म्हातारा फेकून राहिला.

फेकायचेच ते. माझ्यात आलं ते त्यांच्याकडूनच. पण हे खरं होतं.

मी तेव्हा शाळेतली लहान पोर. खालाच्या गावी गेले होते, गणपतीत. आमची खाला, अम्मीची बहीण, त्या गावात दिलेली, आणि तिची मुलगी नसीम आपा त्या वर्षी गणपतीच्या मंडळाच्या नाटकात नायिका होती. म्हणजे झालं असं, की अख्ख्या गावात चार माणसांसमोर न लाजता बोलेल अशी पोरगी एकच. आमची. खालूंनी, आपाच्या अब्बांनी, दोन दिवस जेवण टाकलं, मग नाटकाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन पुढच्या रांगेत बसले.

प्रेमाचंच नाटक होतं, मॅडम. पोरगा शहराला निघतो. पोरगी त्याला म्हणते. काय म्हणते ते पुस्तकात लई शुद्ध होतं, द्वार आणि प्रतीक्षा आणि काय काय. आपानं महिनाभर घोकलं. आणि स्टेजवर विसरली. गॅसबत्तीचा आवाज तेवढा. गाव थांबलेलं. आपानं त्या पोराकडं बघितलं, कपाळावरची बट मागं केली आणि म्हणाली:

"दार लावू नको. मी येऊन राहिले."

गावानं शिट्ट्या मारल्या. बाया रडल्या. मारुतीच्या देवळाचा कळस सरळ होता तो जरा आपाकडं झुकला. खोटं वाटत असेल तर त्या गावात जाऊन विचारा. विचारायला कुणी उरलं असेल तर.

विसर्जन झालं, गाव दमून झोपलं, आणि पहाटे जमीन आली.

जमीन आली, असंच म्हणते मी. गुरगुरत आली. अब्बांचा हातोडा ठोकायचा, त्याची मला कधी भीती वाटली नाही. पण हलवलेला पत्रा गुरगुरतो. अगदी तसाच.

खालाचं घर दगडमातीचं. वर माळवद, त्यावर माती, पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्याआधी टाकलेली माती. ते सगळं खाली आलं आणि अब्बांनी खालाच्या लग्नात दिलेल्या पेटीवर तुळई टेकली. पेटी बसली, पण पूर्ण बसली नाही. तिच्या एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला आपा. मध्ये पत्रा.

आपानं पत्र्यावर बोटानं ठोकलं. एकदा.

मी ठोकलं. एकदा.

ती बोलायचा प्रयत्न करत होती, मातीनं आवाज भरला होता. मी रडत होते. मग तिनं, मला हसवायला, तिचा नाटकातला आवाज काढला. पेटीच्या पलीकडून. "दार लावू नको. मी येऊन राहिले." आणि एकदा ठोकलं. मी ठोकलं. असं चाललं. ती ठोकणार, मी ठोकणार. ऊन वर आलं असावं, कुठल्याशा फटीतून पिवळं दिसत होतं. मग मी ठोकलं आणि पलीकडून आलं नाही. परत ठोकलं. जोरात ठोकलं. पेटी बडवली. ती बडवलेली ऐकून वरची माणसं आली आणि मला ओढून काढलं. मी म्हणाले, आपा पेटीच्या पलीकडं आहे. त्यांनी पेटीकडं बघितलं, पेटीवरच्या घराकडं बघितलं आणि माझं तोंड दुसरीकडं वळवलं.

एवढंच. हे खरं आहे. यात एक अक्षर वाढवलेलं नाही.

नंतर, अब्बा न्यायला येईपर्यंत मी ज्या शेडात होते तिथं माणसं यायची. जीपमधून. गळ्यात कॅमेरे. डोक्यावरून हात फिरवायची, "बाळ, काय झालं ते सांग ना." मी सांगायची. म्हैस कडुलिंबावर चढली. विहीर उलटी झाली, पाणी वर आणि आभाळ खाली. खालाचा कोंबडा तीन गावं ओलांडून गेला आणि उमरग्यात जाऊन आरवला. माणसं लिहून घ्यायची, डोळे पुसायची, बिस्किटाचा पुडा द्यायची. पुढच्या जीपला मी दोन म्हशी चढवायची.

खरं माझ्याकडं एकच होतं. ते बिस्किटावर द्यायचं नव्हतं.

म्हणून सांगते, मी आज जे फेकते ते उगाच नाही. ज्यांना आमचं मरण बघायला यायचं होतं त्यांना मी म्हैस दाखवली. आपाला नाही दाखवलं.

मग मी मोठी झाले, अकरावीला क्लासला लागले. क्लासच्या मालकांना वाटलं, आपल्या पोरांनी एकांकिका स्पर्धेतही नंबर काढावा. शहरातून नाटकाचे सर आणले. सर गाडीतून उतरले तेच नाक धरून, जणू आमच्या डाळमिलांची धूळ त्यांच्यासाठीच उडत होती. त्यांनी भूकंपावर एकांकिका लिहिली. भूकंपात हरवलेलं प्रेम. नायिका नायकाला ढिगाऱ्यात शोधते. मला विचारलं, तू त्यातली ना, काहीतरी सांग. मी सवयीनं म्हैस दिली. सरांनी ती जशीच्या तशी घेतली. ऋजुता स्पर्धेत डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "आणि त्या कडुलिंबावर ती मुकी म्हैस, आभाळाकडे पाहत हंबरत होती!" मी विंगेत तोंडात रुमाल कोंबून उभी राहायची.

हसू येतंय ना? मलाही यायचं. पण मला त्या नाटकात बोलायचं होतं. दुसरं काही नको होतं. आपाला बोलताना बघितलं होतं मी. माणूस स्टेजवर स्वतःच्या तोंडानं बोलला की गाव कसं थांबतं ते बघितलं होतं. नायिकेचं काम मी रात्रंदिवस पाठ केलं. निवडीच्या दिवशी उभी राहिले. पहिलंच वाक्य, "माझं तुझ्यावर प्रेम हाय."

सर थांबले. पेन खाली ठेवलं.

"हे बघ बाळा. असं बोलणाऱ्या मुली प्रेम करत असतील. पण नाटकात नाही करत."

ऋजुताला काम मिळालं. मला पुढं पत्रा मिळाला. आणि भूकंपाच्या पट्ट्यातून आलेल्या बाकी पोरांना काय मिळालं?

"मेलेल्यांची कामं ही पोरं करतील," सर म्हणाले. "सवय आहे त्यांना."

हे जसं बोलले तसंच लिहिलं आहे. वाढवलं नाही. यात वाढवायला जागा नाही.

मंगलची आई आणि दोन भाऊ गेले होते. ती भूकंपाच्या पोरांच्या वसतिगृहात राहायची. स्टेजच्या मधोमध तिला झोपवायचे. ऋजुता तिच्यावरून ओलांडून जायची, नायकाला शोधत. तालमीनंतर मंगल तुटक्या दातानं हसून मला सांगायची, "मला लई चांगलं मरता येतं म्हणले सर. डायलॉग न्हाई, पाठांतर न्हाई. नुसतं पडायचं. तुला तर पत्रा हलवावा लागतो बाई, मजुरीच ती."

एक दिवस सर ओरडले, "ए, मधली! पोट हलतंय तुझं. मेलेली माणसं श्वास घेत नाहीत."

मंगल पडल्या पडल्या म्हणाली, "घेतात सर. लई वेळ घेतात."

सर म्हणाले, "तुला डायलॉग नाहीये. गप पड."

ती गप पडली. मी पत्रा धरून उभी होते. माझ्या अंगात काहीतरी फिरलं. राग नाही, रागाला तोंड असतं. हे खालून आलं. गुरगुरत.

त्या पत्र्यासाठी सरांनी अब्बांकडं माणूस धाडला होता. अब्बांनी दुकान बाजूला सारून पत्रा निवडला. "पतली नक्को, फट जाती. ये लो." आणि गल्लीभर सांगून आले, "हमारी बेटी नाटक में हिरोइन है." पेटी घ्यायला येईल त्या प्रत्येकाला सांगायचे. पेटीवर चढायचे, उतरायचे आणि सांगायचे. मी त्यांना काही बोलले नाही. अब्बांनी आयुष्यात शंभर थापा मारल्या, ही एकच अशी होती की त्यांना स्वतःला खरी वाटत होती.

स्पर्धा नांदेडला होती. एसटीनं गेलो. ऋजुता गाडीनं. पत्रा एसटीच्या टपावर बांधला होता, आणि वळणावळणावर तो वर गुरगुरायचा. खाली भूकंपाची पोरं समोरच्या सीटचा दांडा धरून बसलेली. कंडक्टर म्हणाला, "काय रे पोरांनो, गाडी लागती का?"

दुपारचा प्रयोग. हॉल भरलेला. परीक्षक पुढे. पडदा उघडला. पोरं मेलेली, स्टेजभर. म्हैस हंबरून झाली. ऋजुता मंगलच्या पायांशी आली. मी विंगेत, दोरीला टांगलेल्या पत्र्याशी. ऋजुतानं हात वर केले.

"आणि धरणी दुभंगली!"

इथं मी हलवायचा होता.

मी पत्रा धरला. दोन्ही हातांनी. थंड होता. अब्बांनी कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या, कुण्या पोराचा हात कापू नये म्हणून. नाटकातल्या पत्र्याच्या कडा कुणी घासत नाही.

मी हलवला नाही.

"आणि... धरणी दुभंगली!" ऋजुता परत म्हणाली. तिचे हात वरच.

समोरच्या विंगेतून सर हातवारे करत होते. मग दबक्या आवाजात, पण पुढच्या रांगेला ऐकू जाईल असं, "हलव गं! ए पत्रा! मेलीस का?"

मी पत्र्यावर बोटाच्या पेरानं ठोकलं. एकदा.

टण्ण.

आणि थांबले. का थांबले ते मला माहीत आहे. सवय होती. ठोकलं की थांबायचं. पलीकडून येतं.

आलं.

स्टेजच्या फळीवर कुणीतरी ठोकलं. एकदा. मंगल. डोळे मिटलेले, मेलेली, आणि उजव्या हाताचं बोट फळीवर.

मी परत ठोकलं. तिनं परत ठोकलं. मग तिच्या पलीकडचा पोरगा. मग कोपऱ्यातली. स्टेजभर मेलेली पोरं पडल्या पडल्या फळ्या ठोकायला लागली. एकजण ठोकायचा, थांबायचा, दुसरा ठोकायचा. कुणी ठरवलं नव्हतं. तालीम नव्हती. प्रत्येकाच्या घरात कुणीतरी असं ठोकलं असणार आणि प्रत्येकानं ते कुणालाच सांगितलं नसणार. मला तोपर्यंत वाटत होतं की ते फक्त माझ्या पेटीला ऐकू आलं होतं.

हॉलमध्ये एकही खुर्ची वाजत नव्हती. ऋजुताचे हात हळूहळू खाली आले. ती बिचारी मागं सरकत सरकत पडद्याला टेकली.

मंगल उठून बसली. पदरावरची माती, म्हणजे सरांनी टाकलेला लाकडाचा भुसा, झटकला. माझ्याकडं बघितलं.

मी विंगेतून बाहेर आले. प्रकाशात. तोंडाला रंग नाही, अंगावर क्लासचा युनिफॉर्म. स्टेजच्या मधोमध गेले आणि समोरच्या अंधाराला म्हणाले:

"दार लावू नको. मी येऊन राहिले."

पडदा पडला. सरांनी पाडला, स्वतःच्या हातानं दोरी ओढून. पण वाक्य आधी पोचलं होतं.

नंतर रंगाच्या खोलीत सरांनी मला भिंतीला लावून सांगितलं, "मराठवाड्यात तुला कुठंच स्टेजवर पाय ठेवू देणार नाही. पत्र्याची आहेस, पत्र्यातच राहशील." परीक्षक आमच्याकडं न बघता निघून गेले. नंबर आला नाही. लातूरला परत आल्यावर क्लासनं मला काढलं, मंगलला काढलं. मी डॉक्टर झाले नाही. त्यामुळं मराठवाड्यातले किती पेशंट वाचले याचा हिशेब कुणी करत नाही.

पत्रा नांदेडहून गाडीनं परत आला आणि क्लासमध्येच राहिला.

घरी गेले तेव्हा अब्बा झाकणाला बिजागरी ठोकत होते. गल्लीतली दोन-चार माणसं बसली होती, हिरोइनचं ऐकायला.

"क्या बोली गे तू, वहां?"

मी वाक्य म्हणाले. मराठीतच.

अब्बांचा हातोडा वरच राहिला. "ये डायलॉग तो नाटक का नइं."

"नइं. नसीम आपा का है. पेटी के उस बाजू से बोली थी."

मी ते कधीच सांगितलं नव्हतं. त्यांना, अम्मीला, कुणालाच. मला वाटायचं, त्यांना एवढंच ठाऊक आहे की त्यांच्या पेटीनं पोरगी वाचली. पलीकडं कोण होतं ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि आता मला कळलं की त्यांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी हातोडा खाली ठेवला. गल्लीत तो आवाज थांबला तेव्हा शेजारपाजारची माणसं बाहेर आली, काय झालं म्हणून.

त्या दिवशी त्यांनी परत हातोडा उचलला नाही. दुसऱ्या दिवशी उचलला. पेटी पुरी केली, तिच्यावर चढले, आणि बराच वेळ उतरले नाहीत.

अब्बा आता नाहीत. मी अजून कुठंही नवीन खोलीत गेले की भिंतीवर बोटाच्या पेरानं एकदा ठोकते. आणि थांबते. माझ्याबरोबरच्या पोरांना वाटतं, ताई आवाज कसा घुमतो ते बघून राहिली.

तर मॅडम. प्रेमाचं, स्वतःला शोधण्याचं, वयात येण्याचं. सुचवते.

मुदखेडच्या पोरांनी एक बसवलं आहे. जंक्शनचा प्लॅटफॉर्म. रेल्वे क्वार्टरमधली पोरगी, घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि बापाशी बोलायला कुठलीच भाषा नाही. पेरू विकणारा एक पोरगा तिला तिच्या अव्वानं, आजीनं, ठेवलेल्या नावानं हाक मारतो. एवढंच त्यांचं प्रेम. शेवटी ती गाडीत चढते आणि पलीकडच्या दारातून उतरते. पळून जात नाही, परतही येत नाही. ते घ्या.

लोह्याचं एक आहे. क्लासच्या हॉस्टेलातली खोली, दोन पोरी. एकीचा नंबर दर चाचणीला वर, एकीचा खाली. दोघींचा एकमेकींवर जीव जडलेला. तो शब्द कुणी उच्चारत नाही. सगळं नाटकभर एकजण दुसरीच्या केसातला गुंता सोडवते, आणि खाली पालकसभेचा लाऊडस्पीकर बोलतो. तुमच्या खिडकीखालीच घडतं ते, मॅडम. म्हणून तुम्हाला हलकं वाटणार नाही. तेही घ्या.

उदगीरचं घ्या. त्यातल्या पोराची आई कानडी बोलते आणि तो मित्रांना सांगतो, ही आमच्याकडं कामाला आहे. शेवटी तो स्टेजवर एकटा उभा राहून आईशी कानडीत बोलतो, लांबलचक, आणि कुणी त्याचं भाषांतर करत नाही. ज्याला कळलं त्याला कळलं.

पण कुठलंही घ्या, आधी पडद्यामागं जाऊन बघा. पत्रा कुणाच्या हातात आहे. मेल्याचं काम कुणाला दिलं आहे. तिथं तुमच्या वसतिगृहातली, शेवटच्या बॅचमधली, 'हाय-न्हाई' बोलणारी पोरगी उभी असेल, तर तुमचं नाटक प्रेमाचं नाही. मग पुढं ऋजुता कितीही रडू दे.

आणि ते भूकंपाचं नको म्हणालात ना. बरं. भूकंप देत नाही मी तुम्हाला. माझ्याकडची म्हैससुद्धा देत नाही.

पण पत्रा माझा आहे.

तो मी न्यायला येणार आहे. मंगल येणार आहे बरोबर. तिनं दात बसवला नाही अजून, मुद्दाम. त्या पत्र्याची पेटी करायची आहे, अब्बांचा हातोडा घरात आहे. ती पेटी आमच्या प्रत्येक नाटकात स्टेजच्या मधोमध राहील, आणि ज्या पोराला आजवर पडून राहायचं काम मिळालं ते पोरगं तिच्यावर उभं राहून बोलेल. आपल्या तोंडानं. पत्रा परत कुणी हलवणार नाही. लातुरात नाही, नांदेडात नाही. कुणी हलवायला घेतलाच तर आम्ही पळणार नाही. आत येऊ आणि हातातून काढून घेऊ.

वॉचमनला सांगून ठेवा. दार लावू नका. मी येऊन राहिले.